डॉ. अब्दुल हलीम महंमद : वैद्य, राज्यकर्ता आणि खेळाचा कारभारी

पुण्याजवळ खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिच्या मुख्य इमारतीस ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात. हे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. पण ते तेथे कसे आले, असे विचारले तर बहुतेकजण गप्प बसतात. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत इटलीच्या फौजांशी लढताना आपले शिपाई सुदानच्या रक्षणासाठी पडले. त्यांची आठवण म्हणून सुदान सरकारने देणगी दिली, ती प्रबोधिनीच्या बांधकामास लागली, आणि १९५९ साली ही इमारत खुली झाली. ज्या देशाचे नाव आपल्या इतक्या जवळ कोरलेले आहे, त्या देशातील एका माणसाची ओळख करून द्यावी, एवढाच आमचा आजचा हेतू आहे.

या माणसाचे नाव डॉ. अब्दुल हलीम महंमद. ते १९१० साली ओमदुर्मान येथे जन्मले आणि २००९ साली, वयाची नव्याण्णव वर्षे पुरी करून वारले. ते धंद्याने वैद्य. सुदानी माणसाने विलायतेतील मोठी वैद्यकीय पदवी मिळवणे ही गोष्ट ज्या काळी दुर्मीळ होती, त्या काळी त्यांनी ती मिळवली. १९६४ साली लष्करशहा पायउतार झाल्यावर ज्या पाच जणांच्या हाती सुदानचे सर्वोच्च पद आले, त्या पाचांत ते होते. आणि आज सारा आफ्रिका खंड ज्या फुटबॉल महासंघाच्या झेंड्याखाली खेळतो, त्या महासंघाचे ते एक संस्थापक आणि दोनदा अध्यक्ष होते.

रुग्णालय, राजवाडा आणि मैदान, या तीन जागा एकमेकींपासून पुष्कळ दूर आहेत असे आपणांस वाटते. एकच माणूस तिन्हींकडे गेला, याचे कौतुक करून थांबता येईल. परंतु आम्ही आयुष्याची तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात घालवली. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. त्या शाळेत एक गोष्ट शिकलो : कोणतीही संघटना पाहावयाची असेल, तर आधी तिचा अध्यक्ष कोण आहे हे पाहू नये, तिचा सभासद कोणाला होता येते आणि कोणाला होता येत नाही, हे पाहावे. डॉ. हलीम यांचे चरित्र आम्हांला महत्त्वाचे वाटते ते या प्रश्नामुळे. हा प्रश्न त्यांच्यापुढे तिन्ही ठिकाणी आला. एका ठिकाणी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचे उत्तर असे दिले की जगाला ते पुढे मान्य करावे लागले.

त्यासाठी प्रथम त्यांचा देश थोडा समजून घेतला पाहिजे. पांढरी नाईल आणि निळी नाईल या दोन नद्या जेथे मिळतात, तेथे खार्टूम हे राजधानीचे शहर आहे, आणि नदीच्या पलीकडच्या काठाला ओमदुर्मान आहे. खार्टूम हे सरकारी कचेऱ्यांचे गाव; ओमदुर्मान हे बाजाराचे, मशिदींचे, जुन्या वाड्यांचे आणि माणसांच्या गजबजाटाचे गाव. १८९८ साली किचनेर या इंग्रज सेनापतीने ओमदुर्मानजवळ सुदानी फौजेचा पराभव केला. पुढे १८९९ पासून इंग्लंड आणि ईजिप्त यांचे संयुक्त राज्य सुदानवर सुरू झाले. संयुक्त हे नाव, सत्ता इंग्रजांची. अब्दुल हलीम जन्मले तेव्हा त्या लढाईला बाराच वर्षे झाली होती. ती डोळ्यांनी पाहिलेली माणसे गल्लोगल्ली होती.

राज्य चालवावयाचे तर कारकून पाहिजेत, शिक्षक पाहिजेत, आणि रोगराई आवरावयाची तर डॉक्टर पाहिजेत. म्हणून इंग्रजांनी खार्टूममध्ये आधी गॉर्डन कॉलेज काढले आणि १९२४ साली किचनेरच्या नावाने वैद्यकीय शाळा काढली. या शाळेची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नाव किचनेरचे, पण ओमदुर्मानात धंदा करून पैसा जोडलेल्या अहमद हाशिम अल् बगदादी या व्यापाऱ्याने आपली सारी मिळकत या शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी दिली होती. दगडावर सेनापतीचे नाव आणि आत मुलांना शिकवणारा पैसा व्यापाऱ्याचा! याच शाळेतून अब्दुल हलीम १९३३ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले.

ते वैद्यकीचे विद्यार्थी असतानाच, १९३१ साली, शेजारच्या गॉर्डन कॉलेजातील विद्यार्थ्यांनी संप केला. कारण साधे होते. जगभर मंदी आली होती. सरकारने खर्च कमी करण्यासाठी शिकून बाहेर पडणाऱ्या सुदानी मुलांचा सुरुवातीचा पगार दरमहा आठ पौंडांवरून साडेपाच पौंडांवर आणला. मुले वर्गाबाहेर पडली. शेवटी तडजोड होऊन साडेसहा पौंड ठरले. म्हणजे अडीच पौंड कापले होते, त्यांतला एक परत मिळाला. संपाचा हिशेब करण्याची सवय असलेल्या माणसाला हा आकडा लहान वाटणार नाही. पैशापेक्षाही मोठी मिळकत अशी की, सरकारने दिलेल्या शिक्षणावर सरकारची मालकी नाही, हे त्या पिढीला कळले.

पण कळून करणार काय? राजकीय पक्ष काढण्याची सोय नव्हती. १९२४ साली झालेला उठाव इंग्रजांनी मोडून काढला होता, आणि तेव्हापासून शिकलेल्या माणसाकडे ते संशयाने पाहत. अशा वेळी माणसे जे करता येते ते करतात. वाचनमंडळ काढता येत होते. ते त्यांनी काढले. ओमदुर्मानच्या मौरदा भागात जमणाऱ्या एका मंडळात अब्दुल हलीम होते, आणि त्यांचे स्नेही महंमद अहमद महजूब होते. १९३४ साली ‘अल् फज्र’, म्हणजे पहाट, नावाचे नियतकालिक निघाले, त्याभोवतीही हीच मंडळी होती. पुढे १९४६ साली या दोघा मित्रांनी मिळून आपल्या पिढीच्या जडणघडणीची हकीकत एका पुस्तकात लिहिली. ‘एका जगाचा मृत्यू’ असा त्याच्या नावाचा अर्थ होतो. एका पुस्तकाचे दोन लेखक, एक डॉक्टर आणि दुसरा कायद्याचा जाणकार. त्यांतला दुसरा पुढे सुदानचा पंतप्रधान झाला.

दुसरी करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे खेळाचा क्लब. ओमदुर्मानचे दोन क्लब आजही साऱ्या आफ्रिकेत प्रसिद्ध आहेत. एकाचे नाव हिलाल, म्हणजे चंद्रकोर. तो १९३० साली शिकलेल्या तरुणांनी काढला. दुसरा मरीख, म्हणजे मंगळ. परक्या सत्तेला फुटबॉलची भीती वाटत नाही. परंतु क्लब म्हटला की वर्गणी आली, पावतीपुस्तक आले, कार्यकारिणीची निवडणूक आली, जमाखर्च सभेपुढे ठेवणे आले, आणि हरलेल्या बाजूने घरी न जाता पुढच्या सभेला येणे आले. लोकशाहीचे सारे कवायतीचे धडे त्यात आहेत. ज्या देशात मतपेटी नाही, तेथे क्लबाची वार्षिक सभा हीच मतपेटी होते. वैद्य फुटबॉलच्या कारभारात कसा गेला, याचे नवल म्हणूनच आम्हांस वाटत नाही.

१९३८ साली शिकलेल्या सुदानी लोकांनी आपली ‘पदवीधरांची काँग्रेस’ स्थापली. हे नाव घेताना आपल्या राष्ट्रीय सभेचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांपुढे होते. १९४२ साली या काँग्रेसने स्वयंनिर्णयाची मागणी करणारे निवेदन सरकारला दिले आणि सरकारने ते धुडकावले. येथून पुढे पक्ष झाले, तंटे झाले, आणि १९५३ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ती पार पाडणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष आपले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते. १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला.

या साऱ्या काळात डॉ. हलीम यांचा मुख्य उद्योग वैद्यकीचाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ते विलायतेस गेले आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे सदस्यत्व त्यांनी परीक्षा देऊन मिळवले. हा मान मिळवणारे ते पहिले सुदानी गणले जातात. आतापर्यंत इंग्रज डॉक्टर वर आणि सुदानी डॉक्टर खाली, अशी रुग्णालयाची उतरंड होती. तीच परीक्षा उतरून आलेल्या माणसाला खालची पायरी दाखवणे आता अवघड झाले.

आता मैदानाकडे येऊ. जगातील फुटबॉलचा कारभार फिफा ही संस्था पाहते. तिच्या सभेत प्रत्येक देशाला एक मत असते. देश लहान असो वा मोठा, संघ बलवान असो वा दुबळा. १९५६ सालच्या जून महिन्यात तिची सभा पोर्तुगालात लिस्बन येथे भरली. त्या वेळी आफ्रिकेतून अवघे चार देश सभासद होते : ईजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका. युरोपची आणि दक्षिण अमेरिकेची आपापली खंडसंघटना होती. आफ्रिकेची नव्हती. लिस्बनमध्ये आफ्रिकेचे प्रतिनिधी वेगळे बसले आणि आपली संघटना काढावयाची असे त्यांनी ठरवले. सुदानतर्फे तीन प्रतिनिधी होते, त्यांत डॉ. हलीम एक. देशाला स्वतंत्र होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

पुढची बैठक ८ फेब्रुवारी १९५७ रोजी खार्टूममध्ये, निळ्या नाईलच्या काठावरच्या ग्रँड हॉटेलात झाली. तेथे आफ्रिकन फुटबॉल महासंघ जन्मला. ईजिप्तचे अब्दुल अझीझ सालेम पहिले अध्यक्ष झाले. त्याबरोबरच आफ्रिकेच्या चषकाची पहिली स्पर्धाही तेथेच भरावयाची होती. चार देश, दोन उपांत्य सामने, एक अंतिम सामना, असा सुटसुटीत बेत होता. ईजिप्तने सुदानशी खेळावयाचे आणि दक्षिण आफ्रिकेने इथिओपियाशी.

येथे सभासदत्वाचा प्रश्न उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेद हा सरकारी कायदा होता. गोरे आणि काळे एका संघातून खेळू शकत नसत. महासंघाच्या इतिहासात नोंद आहे ती अशी की, दक्षिण आफ्रिकेच्या प्रतिनिधीने सांगितले, ‘आम्ही एक तर सगळा गोरा संघ पाठवू, नाही तर सगळा काळा.’ उरलेल्या तिघांनी सांगितले की संघ मिश्र पाहिजे. तडजोड झाली नाही. दक्षिण आफ्रिका स्पर्धेबाहेर गेली. इथिओपियाला न खेळताच अंतिम सामना मिळाला. सुदान घरच्या मैदानावर ईजिप्तकडून २–१ असा हरला, आणि १६ फेब्रुवारीस ईजिप्तने इथिओपियाचा ४–० असा पराभव केला. चारही गोल अद् दिबा या एकाच खेळाडूने केले.

या घटनेचे मोल नीट तोलून पाहिले पाहिजे. चार सभासदांची संघटना. तीही जन्मून एक आठवडा न झालेली. तिच्याजवळ पैसा नाही, नाव नाही. अशा संघटनेने आपला एक चतुर्थांश भाग पहिल्याच दिवशी दाराबाहेर ठेवला. व्यवहारी माणूस म्हणाला असता, ‘आधी संघटना वाढू द्या, मग तत्त्व पाहू.’ हे वाक्य आम्ही शंभर वेळा ऐकले आहे, आणि खरे सांगावयाचे तर काही वेळा स्वतःही उच्चारले आहे.

एक आठवण सांगतो. आमच्या एका कारखान्यात कायम कामगारांची भक्कम युनियन होती. कंत्राटी कामगार त्याच यंत्रांवर निम्म्या पगारात राबत. त्यांना सभासद करून घ्यावे की नाही, यावर कार्यकारिणीत रात्री उशिरापर्यंत वाद झाला. ‘हे राजकारण झाले, युनियनमध्ये नको,’ असे एकजण म्हणाला, आणि बहुमत त्याच्यामागे गेले. आम्ही त्या रात्री गप्प बसलो. दोन वर्षांनी संप झाला, तेव्हा मालकाने त्याच कंत्राटी माणसांच्या हाताने कारखाना चालवला. लोकांनी त्यांना फितूर म्हटले. पण ज्यांना आपण कधी पावतीच फाडून दिली नाही, ते फितूर कसे? दाराबाहेर आपणच त्यांना ठेवले होते. खार्टूमच्या त्या बैठकीची हकीकत वाचली तेव्हा आम्हांस ती रात्र आठवली. तेथे तिघांनी जे केले ते याच्या उलट होते. दाराबाहेर राहिला तो भेद करणारा. ज्याच्याशी भेद होतो तो नव्हे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, खेळात राजकारण आणू नये. हा आक्षेप फिफाच्या मोठ्या पदावर बसलेल्या माणसांनीही घेतला. १९६१ साली फिफाने दक्षिण आफ्रिकेस निलंबित केले. पण त्याच वर्षी अध्यक्ष झालेल्या सर स्टॅन्ली राऊस यांच्या पुढाकाराने १९६३ साली ते निलंबन उठवले गेले. परंतु तोवर आफ्रिकेत चित्र पालटले होते. एकट्या १९६० साली खंडातील सतरा देश स्वतंत्र झाले. प्रत्येक नवा देश फिफाचा सभासद झाला की एक मत वाढे. १९६४ साली टोकियोच्या सभेत निलंबन पुन्हा लागले. १९७६ साली दक्षिण आफ्रिकेस फिफातून काढूनच टाकण्यात आले. मैदानावर काळ्या माणसाने कोणाबरोबर उभे राहावे हे ज्यांनी कायद्याने ठरवले, त्यांनी राजकारण आधीच आणले होते. खार्टूमच्या बैठकीने ते बाहेर काढावयास सुरुवात केली, एवढेच.

तथापि चरित्र सांगताना एकच बाजू सांगणे बरे नव्हे. विश्वचषकाच्या पात्रता-फेरीत त्याच सुमारास इस्रायलशी खेळण्यास सुदानने नकार दिला, आणि स्पर्धा सोडली. म्हणजे ‘आम्ही यांच्याशी खेळणार नाही’ असे म्हणण्याची वेळ सुदानवर एकाच वर्षात दोनदा आली. एके ठिकाणी प्रश्न एका संघाच्या आतल्या भेदाचा होता, दुसऱ्या ठिकाणी दोन राष्ट्रांच्या वैराचा. या दोन्ही एकाच मापाने मोजाव्या की नाही, हे वाचकांनी ठरवावे. आम्हांला त्या वेगळ्या वाटतात. पण बहिष्कार हे हत्यार दुधारी असते, हे मात्र खरे.

आता राजवाड्याकडे जाऊ. नोव्हेंबर १९५८ मध्ये जनरल अब्बूद यांनी सुदानची सत्ता घेतली. सहा वर्षे लष्कराचे राज्य चालले. २१ ऑक्टोबर १९६४ रोजी खार्टूम विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अहमद अल् कुरेशी नावाचा विद्यार्थी मारला गेला. त्याच्या अंत्ययात्रेतूनच उठाव पेटला. डॉक्टर, वकील, न्यायाधीश, शिक्षक आणि इंजिनियर यांनी एकत्र आघाडी केली आणि सार्वत्रिक संप पुकारला. कामगार संघटना त्यात उतरल्या. अत्बारा हे सुदानच्या रेल्वे कामगारांचे गाव. तेथील कामगारांनी १९४७ आणि १९४८ साली मोठे संप करून युनियनची मान्यता मिळवली होती. असे कामगार संपात उतरले की राजधानीचा श्वास कोंडतो. पाच-सहा दिवसांत लष्करी मंडळ बरखास्त झाले, आणि नोव्हेंबरच्या मध्यास अब्बूद स्वतः पायउतार झाले. बंदुकीने आलेले सरकार संपाने गेले. अशी उदाहरणे जगाच्या इतिहासात फार नाहीत.

सुदानच्या त्या वेळच्या रीतीप्रमाणे राष्ट्रप्रमुख एकटा नसे. पाच जणांची सार्वभौम परिषद असे. डिसेंबर १९६४ मध्ये नवी परिषद नेमली गेली, तीत डॉ. हलीम आले. त्यांच्याबरोबर मानसरोगांचे नामांकित वैद्य तिजानी अल् माही होते, आणि दक्षिण सुदानचे लुइजी अद्वोक होते. नव्या मंत्रिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून कामगार महासंघाचे नेते शफी अहमद अल् शेख यांस घेतले होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये इंग्लंडची राणी सुदानास आली, तेव्हा यजमान ही परिषद होती. किचनेरच्या नावाच्या शाळेत शिकलेला मुलगा आता इंग्लंडच्या राणीचे स्वागत करणाऱ्यांत बसला होता.

परंतु येथेही सभासदत्वाचा प्रश्न समोर आलाच, आणि येथे त्याचे उत्तर सापडले नाही. सुदानच्या दक्षिण भागातील लोक धर्माने, भाषेने, वंशाने उत्तरेहून वेगळे. स्वातंत्र्याच्या आधीच, १९५५ साली, तेथे बंड झाले होते आणि यादवी चालू होती. परिषद अधिकारावर येऊन तीन दिवस होतात न होतात तोच, ६ डिसेंबरला, एका अफवेवरून खार्टूममध्ये दक्षिणेचे आणि उत्तरेचे लोक एकमेकांवर तुटून पडले आणि रक्त सांडले. मार्च १९६५ मध्ये सरकारने उत्तर आणि दक्षिण यांची गोलमेज परिषद भरवली. इतर आफ्रिकी देशांनी निरीक्षक पाठवले. बोलणी झाली, पण समेट झाला नाही. पाच जणांच्या परिषदेत दक्षिणेला जागा एक. फुटबॉलच्या संघात मिश्रण पाहिजे, हे परक्याला सांगता आले. राज्याच्या संघात ते कसे करावे, हे त्या पिढीला जमले नाही. याचा सारा दोष एकट्या डॉ. हलीम यांच्या माथी मारणे अन्याय होईल. पण चरित्रातून ही गोष्ट गाळणे हाही अन्यायच आहे. पुढे १९७२ साली तह झाला, १९८३ साली पुन्हा युद्ध पेटले, आणि २०११ साली दक्षिण सुदान वेगळा देश झाला. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, तो आफ्रिकन फुटबॉल महासंघाचा स्वतंत्र सभासद झाला.

१९६५ सालच्या निवडणुकीनंतर, जूनमध्ये, ही परिषद संपली. सहा महिने राष्ट्रप्रमुखपदाचा पाचवा वाटा भोगून डॉ. हलीम बाजूस झाले. त्यांचे मोठे काम पुढे होते.

१९६८ साली ते आफ्रिकन फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. ते वर्ष झगड्याचे होते. ऑलिंपिक समितीने मेक्सिकोच्या खेळांसाठी दक्षिण आफ्रिकेस आमंत्रण दिले होते. आफ्रिकी देशांनी सांगितले की ती आली तर आम्ही येणार नाही. एप्रिलमध्ये आमंत्रण मागे घ्यावे लागले, आणि १९७० साली ऑलिंपिक समितीनेही दक्षिण आफ्रिकेस बाहेर काढले.

फुटबॉलमध्ये दुसरा झगडा जागेचा होता. १९६६ सालच्या विश्वचषकात सोळा संघ. त्यांत आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडील देश या सर्वांना मिळून एकच जागा! म्हणजे आफ्रिकेच्या विजेत्याने पुन्हा आशियाच्या विजेत्याशी झुंजावे. आफ्रिकेच्या पंधरा देशांनी एकजुटीने अंग काढून घेतले. संपाची भाषा फुटबॉलला अशी समजली. १९७० च्या विश्वचषकासाठी आफ्रिकेस तिची स्वतःची एक जागा मिळाली, आणि डॉ. हलीम अध्यक्ष असताना मोरोक्कोचा संघ त्या जागेवर मेक्सिकोत खेळला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आफ्रिकेचा चषक पुन्हा खार्टूमला भरला. अंतिम सामन्यात सुदानने घानाचा १–० असा पराभव केला. ज्या गावात १९५७ साली यजमान हरले होते, त्याच गावात तेरा वर्षांनी ते जिंकले. सुदानने हा चषक आजवर एकदाच जिंकला आहे.

मैदानात आनंद होता, तरी देशात पुन्हा लष्कराचे राज्य आले होते. मे १९६९ मध्ये नुमेरी यांनी सत्ता घेतली. १९७१ च्या जुलैमध्ये, फसलेल्या एका उठावानंतर, त्यांनी शफी अहमद अल् शेख यांस फाशी दिले. १९६४ च्या संपाने दोघांना वर आणले होते. त्यांपैकी डॉक्टर दीर्घायुषी झाला आणि कामगारांचा पुढारी फासावर गेला. आम्ही कामगार चळवळीतले असल्यामुळे हे वाक्य लिहिताना आमचा हात थांबतो. पण इतिहास तसा आहे.

१९७२ साली इथिओपियाचे येद्नेकाचू तेसेमा महासंघाचे अध्यक्ष निवडून आले. डॉ. हलीम खुर्चीवरून उतरले, पण संघटनेतून उठले नाहीत. आपल्याकडे अध्यक्षपद गेले की माणूस एक तर नवी संघटना काढतो, नाही तर सभांना येणे सोडतो. पंधरा वर्षांनी, १९८७ साली, तेसेमा वारले. मधल्या काळासाठी कोणीतरी अनुभवी माणूस पाहिजे होता. सत्त्याहत्तर वर्षांच्या डॉ. हलीम यांनी ती धुरा घेतली, आणि १९८८ च्या मार्चमध्ये निवडणूक होऊन कॅमेरूनचे इसा हयातू अध्यक्ष होताच ती सोडली. पहिल्या बैठकीत घटना लिहिणाऱ्यांपैकी एकाने, तीस वर्षांनी, तीच घटना पाळून खुर्ची दुसऱ्याच्या हाती दिली. त्यांच्या मागून आलेले हयातू पुढे एकोणतीस वर्षे, म्हणजे २०१७ पर्यंत, त्या खुर्चीवर राहिले.

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचे कायदे उठल्यावर १९९२ साली तो देश महासंघात परत आला. दाराबाहेर ठेवताना जी अट घातली होती, ती पुरी झाली होती. १९९६ साली आफ्रिकेचा चषक दक्षिण आफ्रिकेतच भरला, आणि गोऱ्या व काळ्या खेळाडूंच्या मिश्र संघाने तो जिंकला. डॉ. हलीम तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते. १९५७ साली जे मागितले ते डोळ्यांनी पाहावयास एकोणचाळीस वर्षे लागली. २०१० साली विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत भरला, तो मात्र पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. एप्रिल २००९ मध्ये ते गेले.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानात पुन्हा युद्ध पेटले. या वेळी सैन्य आणि निमलष्करी दल यांचे. खार्टूम आणि ओमदुर्मान यांची धूळधाण झाली, रुग्णालये बंद पडली, लाखो माणसे घरे सोडून गेली. हिलाल आणि मरीख या क्लबांना मैदान उरले नाही. तेव्हा २०२४ साली हे दोन्ही क्लब दूर पश्चिमेस मॉरिटानिया देशात गेले आणि तेथील लीगमध्ये खेळू लागले. परक्या गावात, परक्या प्रेक्षकांपुढे, पण आपल्याच नावाने.

ही बातमी वाचली तेव्हा आमच्या मनात आले की, क्लब म्हणजे मैदान नव्हे आणि युनियन म्हणजे कचेरी नव्हे. मैदान तोफेने उद्ध्वस्त होते, कचेरीला मालक टाळे ठोकतो. उरते ती सभासदांची वही, आणि तिच्या पहिल्या पानावर लिहिलेला नियम. डॉ. हलीम यांच्या हातून राज्याची ती वही पुरी लिहून झाली नाही, खेळाची झाली. आपण ज्या ज्या मंडळात, सोसायटीत, संघात, युनियनमध्ये आहोत, त्या प्रत्येकाची अशी एक वही आहे. तीत कोणाचे नाव नाही आणि का नाही, हे घरी गेल्यावर एकदा पाहावे.